अनुक्रमांक तेवीस: चित्र, नग पाच

चित्र वाटणीत कोणामुळे आलं, याबद्दल घरात अजूनही एकमत नाही. गिरधरभाऊ म्हणत रुपचंदमुळे, रुपचंद म्हणे वहिनीमुळे, आणि बेबाबाई, म्हणजे गिरधरभाऊंची बायको, सगळं खापर वर्तमानपत्रावर फोडून मोकळ्या होत. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं.

धाकटा पितांबर दोन हिवाळे दर शनिवारी धुळ्याहून बसने यावलला यायचा, तिथून गावात, आणि केळीच्या गोदामात दार लोटून चित्र काढत बसायचा. धुळ्याला तो शाळेत चित्रकला शिकवत असे आणि दोन खोल्यांत राहत असे. वीस फूट लांबीचं चित्र तिथे काढायचं तर बायकोमुलांना रस्त्यावर बसवावं लागलं असतं. हार्डबोर्डाचा तक्ता बाजारात आठ बाय चारचाच मिळतो, म्हणून त्याने पाच तक्ते शेजारी शेजारी उभे केले आणि त्यांवर सन अठ्ठावन्नमधली वडिलांची, म्हणजे आप्पांची, बाग काढली. यावलचा रस्ता, केळी, विहीर, इंजिनघर, मागे सातपुडा, आणि त्यात तिघे भाऊ आणि बहीण सुगंधा, अशी चारही भावंडं पोरवयातली. त्या दोन हिवाळ्यांत घरातलं कोणी तिकडे फिरकलं नाही. मधल्या रुपचंदने एकदा फवारणीचा पंप दुसऱ्या तक्त्याला टेकवून ठेवला, त्याचा डाग चित्रातल्या आप्पांच्या धोतरावर पडला, आणि धोतर जास्त खरं दिसतंय म्हणून पितांबरने तो तसाच ठेवला.

मग जळगावच्या एका पेपरात चार कॉलमी फोटो आला. चित्र मुंबईच्या एका मोठ्या कलादालनात लागणार होतं. फोटो इतका काळा छापला होता की विहीर म्हशीसारखी दिसत होती, पण खाली ‘भव्य’ हा शब्द होता. त्या दिवसापासून चित्र एकत्र कुटुंबाची मिळकत झालं. गोदाम सामाईक, बाग सामाईक, आप्पा सामाईक, मग चित्र एकट्या पितांबरचं कसं, असा प्रश्न बेबाबाईंनी चहा गाळता गाळता विचारला आणि रुपचंदने वाटणीपत्र लिहिणाऱ्या दस्तलेखकाला ते यादीत घ्यायला सांगितलं. आप्पांच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी जे वाटणीपत्र लिहून तयार झालं, त्यात अनुक्रमांक बावीसला पितळी घंगाळ होतं, चोवीसला फवारणी पंप, आणि मध्ये तेवीसला ‘हार्डबोर्डावरील रंगीत चित्र, नग पाच’.

पितांबरला हे कळलं तेव्हा दारात ट्रक उभा होता. साक्रीचा धनसिंग मुंबईला केळी घेऊन चालला होता आणि घडांच्या मागे तक्ते उभे करून न्यायला राजी झाला होता. दोन वाजता निघतो, एवढीच त्याची अट होती. चित्र त्या ट्रकने गेलं नाही तर मंगळवारच्या उद्घाटनाला पोचणार नव्हतं, आणि पाचच्या पाच तक्ते गेले नाहीत तर जाऊन उपयोग नव्हता.

जमिनीची वाटणी सकाळीच सुरळीत झाली होती. पंच होते चुडामणआबा, आप्पांचे चुलतभाऊ. चाळीस वाटण्या केल्या, एकही कोर्टात गेली नाही, हे ते ओळख करून देतानाच सांगत. रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे पाडले आणि धाकट्याने आधी उचलला. पितांबरच्या वाट्याला विहिरीकडचा तुकडा आला, इंजिनघरासकट. आता तेविसावा आकडा उरला होता आणि बहिणीची सही उरली होती. दोन्ही गोष्टी जेवणाआधी उरकतील असा आबांचा अंदाज होता.

सगळे गोदामात गेले. खरं तर चित्र नीट बघण्याची त्या घराची ही पहिलीच वेळ होती.

गिरधरभाऊंनी आधी स्वतःला शोधलं. पंचवीस वर्षं केळी सोसायटीच्या प्रत्येक फोटोत ते मधल्या खुर्चीवर बसलेले होते, त्यामुळे त्यांची नजर आपोआप मधल्या तक्त्यावर गेली. तिथे विहीर होती. विहिरीत फक्त एक डोकं होतं आणि ते रुपचंदचं होतं. भाऊ सापडले ते अगदी डाव्या कडेला, यावलच्या रस्त्यावर, हातात पत्र्याची पेटी, उंची जेमतेम वीतभर. अठ्ठावन्न साली ते जळगावला बोर्डिंगात शिकत होते आणि शनिवार-रविवार घरी येत, हे खरंच होतं. पण खरं असलं म्हणून एवढं लहान काढायचं का, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या कोणाचं काही म्हणणं आहे का, असं त्यांनी पंचांना विचारलं.

बेबाबाईंचं होतं. अठ्ठावीस वर्षं या घरात राबले, बागेतल्या माणसांच्या भाकरी थापल्या, आणि एवढ्या लांब चित्रात माझा तवासुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनी, तुमचं लग्न नंतर झालं, हे अठ्ठावन्न साल आहे, असं पितांबरने समजावलं. मग नंतरचं काढायला कोणी धरून ठेवलं होतं, असं त्यांनी विचारलं.

आबा मात्र चित्राच्या अगदी जवळ जाऊन वाकून बघत होते. त्यांना निंब दिसला होता. बांधावरचा निंब कोणाचा, यावरून शेजाऱ्याशी वीस वर्षं धुसफूस होती, आणि चित्रात तो सरळसरळ बांधाच्या अलीकडे उभा होता. अठ्ठावन्न साली निंब अलीकडे होता याचा हा पुरावाच आहे, असं म्हणत आबांनी दस्तलेखकाला टिपून घ्यायला सांगितलं. पितांबरने कबूल केलं की झाड पलीकडेच होतं, पण चित्राची डावी बाजू हलकी वाटत होती म्हणून त्याने ते अलीकडे घेतलं.

आबा सरळ उभे राहिले. “म्हंजे तू झाड सरकवलं.”

“चित्रात सरकवलं, आबा.”

“तलाठी जन्मभर नोकरी करतो अन् त्याले फूटभर सरकवता येत नाही. तुले कोनी सांगितलं व्हतं?”

यावर पितांबर मुंबईच्या कलाशाळेत शिकलेलं बरंच काही बोलला. स्मृतीतली जागा आणि सातबाऱ्यावरची जागा वेगळी असते, असा एकूण सूर होता. आबांनी मान डोलावली आणि दस्तलेखकाला लिहिलेलं तसंच ठेवायला सांगितलं.

मग वाटे. तक्ते पाच, भाऊ तीन. गिरधरभाऊंनी थोरला म्हणून दोन मागितले. गोदाम आपल्या वाट्याला आलंय आणि चित्र गोदामात आहे, म्हणून रुपचंदने दोन मागितले. उरला एक तो पितांबरला. “त्याचं काय,” भाऊ मोठेपणाने म्हणाले, “तो अजून काढीन.”

कोणते दोन कोणाचे, यावर अर्धा तास गेला. रुपचंदला विहीर हवी होती, कारण चित्रात तो तिच्यात होता आणि जमिनीत ती पितांबरकडे गेली होती. भाऊंना चौथा आणि पाचवा तक्ता हवा होता, कारण त्यात सातपुडा होता आणि सोसायटीच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर सातपुडा शोभला असता. अडचण एकच होती. तिसऱ्या आणि चौथ्या तक्त्याच्या मध्ये सुगंधा बसलेली होती.

ती त्या चित्रातली सगळ्यांत मोठी आकृती होती. सोळा वर्षांची पोर, इंजिनघराच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली, आप्पांपेक्षा दुप्पट, केळीपेक्षा उंच. पितांबर तेव्हा दहा वर्षांचा होता आणि त्याला ती एवढीच दिसत असे. धड चौथ्या तक्त्यावर होतं आणि उजवा हात तिसऱ्यावर, पाणी कोणत्या वाफ्याला वळवायचं ते दाखवणारा. सांधा बरोबर कोपरातून जात होता. रुपचंद म्हणाला, हात माझ्याकडे राहू दे, बाकीची भाऊंकडे जाऊ दे, माझी काही हरकत नाही. धनसिंग तेवढ्यात दोरखंड घेऊन दारात आला होता. त्याने एकदा चित्राकडे आणि एकदा मंडळींकडे पाहिलं.

“भाऊ, हाई बठ्ठं एकच शे ना?” तो पाचही तक्त्यांवरून हात फिरवत म्हणाला. “मंग तोडतस कसाले?”

त्याला चहा द्यायला सांगून बाहेर बसवण्यात आलं.

सुगंधाबाई भिंतीशी रिकाम्या खोक्यावर बसून होती. ती आदल्या संध्याकाळी चाळीसगावहून आली होती, भुसावळपर्यंत पॅसेंजरने आणि पुढे बसने. नवरा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होता, तो जाऊन दोन वर्षं झाली. रेल्वेची खोली सुटली. आता ती मुलाकडे राहत होती, म्हणजे सुनेच्या स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत. सून वाईट नव्हती. फक्त रोज सकाळी तिची वळकटी उचलून ठेवायची आणि आई, आता बसा, असं म्हणायची, आणि बसायला जागा नसायची.

येताना गाडीत तिने एक गोष्ट ठरवली होती आणि आल्यापासून ती बोलायचा धीर होत नव्हता. इंजिनघराजवळचे दोन बिघे. इंजिन कधीच विकलं गेलं होतं, पण खोली पक्की होती, पत्रे नवे होते. एक माणूस तिथे आरामात राहू शकला असता. अठ्ठावन्न ते एकसष्ट त्या बागेचं पाणी तिने भरलं होतं. भाऊ बोर्डिंगात, हे दोघे लहान, आप्पांच्या पायाला नारू झालेला. इंजिनघराच्या भिंतीवर बसून ती गड्यांना ओरडून सांगायची, हा वाफा भरला, तो फोडा. मग लग्न झालं. सकाळी वाटे पडताना तिला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही आहे असं तिथे कोणाला वाटलं नाही. बहिणीने सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि जेवून जायचं. साडी हिरवी होती, बेबाबाईंनी फैजपूरहून आणलेली, पाटावर घडी घालून ठेवलेली.

पण स्वतःला आठ फूट उंच बघून तिला काहीतरी झालं. तिला वाटायचं, ती चार वर्षं फक्त आपल्यालाच आठवतात. इथे तर ती भिंतभर होती. पितांबरला सगळं आठवत होतं, पाटाचं वळण, फाटलेला परकर, सगळं. तिला रडू आलं आणि मग, रुपचंद तिच्या कोपरावर बोट ठेवून सांधा दाखवत असताना, राग आला.

दस्तलेखकाने शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. ‘मला माहेराकडून सर्व काही पोचले असून सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क वा तक्रार राहिलेली नाही.’

“माह्या हाताची वाटनी व्हऊन ऱ्हायली,” ती म्हणाली, “अन् मले कोनी इचारलं नाही.”

“चित्रातला हात हाये तो, पोरी,” आबा म्हणाले.

“बागेतला बी माह्याच व्हता, आबा. मी सही नाही करत. मले इंजिनघराजवळचे दोन बिघे द्या. मंग जिथी सांगसान तिथी सही घ्या.”

आबांच्या चाळीस वाटण्यांत बहिणीने असं म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. ते दस्तलेखकाकडे वळले. चित्रापुरती सही नसली तर नसू द्या, जमिनीची तेवढी घेऊ, असं त्यांनी सुचवलं. दस्तलेखकाने घसा साफ केला. चित्र आणि जमीन एकाच पत्रात आहे, सही एकच आहे. तेवीस आकडा काढायचा तर समासात सगळ्यांच्या सह्या लागतील, सगळ्यांच्या म्हणजे बहिणीच्याही. आणि त्या सही करत नाहीत म्हणाल्या, तर तेवीसही राहतो, बाकीचे सगळे आकडेही राहतात, आणि सोमवारी यावलला नोंदणीला जायची गरज उरत नाही.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. फोटोतली म्हैस वाटणीपत्रात बांधायची हौस आपल्याला कुठे घेऊन आली, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

गिरधरभाऊ बेबाबाईंना घेऊन गोदामाच्या मागे गेले. रुपचंद त्यांच्या मागे गेला. सकाळपासून हे तिघे एकमेकांशी फक्त पंचांमार्फत बोलत होते, पण आता पाच मिनिटांत त्यांचं एकमत झालं. बेबाबाई म्हणाल्या, आज दोन बिघे दिले की उद्या हिचा पोरगा येईल, परवा नातू. रुपचंद म्हणाला, तिने पाणी भरलं ते बरोबर आहे, पण मग गड्यांनीही भरलं. भाऊंनी दोघांच्याही म्हणण्याला मान हलवली. आप्पांचा पाय त्यांना आठवत होता. बोर्डिंगाची फी त्या चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती, हेही आठवत होतं. त्यांना क्षणभर अतिशय लाज वाटली, आणि लाज वाटली की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. ते भाषण करायला निघाले.

आत येऊन ते चित्रासमोर उभे राहिले. कला ही अखंड असते, असं त्यांनी सांगितलं. आपल्या घराण्यात असा कलावंत निपजला आणि आपण त्याच्या कलेचे तुकडे करायला निघालो, याचं त्यांना वाईट वाटत होतं. रुपचंदला विहिरीचा सोस एकाएकी राहिला नाही. बेबाबाईंनी तर चित्राला हात जोडले आणि आपल्याला ते पहिल्यापासून आवडलं होतं असं सांगितलं. पाचही तक्ते पितांबरचे, मुंबईला जाऊ द्या, जगाला कळू द्या. फक्त तेवीस आकडा काढायला आणि शेवटी, अशा दोन सह्या सुगंधाने कराव्यात. मग तिघेही पितांबरकडे बघू लागले.

सुगंधाबाईही त्याच्याकडे बघत होती.

आता एवढं लक्षात घेतलं पाहिजे की इंजिनघर सकाळीच पितांबरच्या वाट्याला आलं होतं. भावांनी द्यायचा किंवा न द्यायचा प्रश्नच नव्हता. त्याने म्हटलं असतं, माझ्यातले दोन बिघे अक्काच्या नावावर लिहा, तर दस्तलेखकाला एक ओळ वाढवावी लागली असती आणि आबा सुटकेचा श्वास सोडून जेवायला बसले असते. हे त्या गोदामात प्रत्येकाला कळत होतं.

पितांबरलाही कळत होतं. तो वाईट माणूस नव्हता. पण इंजिनघराच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी पाडली की दिवसभर एकसारखा उजेड येईल, हे त्याने सकाळी वाटा उचलतानाच हेरलं होतं. पुढची चित्रं याहून मोठी काढायची होती, सात तक्त्यांची, आणि गोदाम आता रुपचंदचं झालं होतं. शिवाय हे चित्र कोणाचं होतं? अक्काचंच ना? तिलाच तर त्याने मध्यभागी बसवलं होतं. भावांनी तिला विसरून टाकलं, आपण एकट्याने तिला आठवलं, दोन हिवाळे, थंडीत, पदरचे रंग खर्चून. यापेक्षा जास्त कोणी काय द्यायचं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

तो तिच्याजवळ जाऊन खोक्याशेजारी उकिडवा बसला.

“अक्का,” तो हळू म्हणाला, “करून टाक सही. गाडी उभी आहे.”

तो आणखी काही बोलतो का, याची ती वाट बघत असावी. मग तिने दस्तलेखकाचं पेन घेतलं, समासात सही केली, शेवटच्या पानावर सही केली, आणि अक्षर नीट आलं का ते बघून पान परत केलं. ती सातवी पास होती आणि तिचं अक्षर चारही भावंडांत चांगलं होतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आबांनी एक्केचाळिसावी वाटणी जाहीर केली. भावांनी स्वतः तक्ते उचलले, गिरधरभाऊंनी तर सोसायटीच्या दोन गड्यांनाही हात लावू दिला नाही. मध्ये केळीची वाळलेली पानं भरली, दोर आवळले. बेबाबाईंनी नणंदेची ओटी भरली, साडी दिली आणि तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यात खोटं काही नव्हतं. आता त्यांना ती खरोखर आवडत होती.

धनसिंग इंजिन चालू करून वाट बघत होता. पितांबर केबिनच्या पायरीवरून पुन्हा खाली उतरला आणि अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बहिणीपाशी आला. त्याचा ऊर भरून आला होता. आपण आज काहीतरी वाचवलं, असं त्याला वाटत होतं, आणि ते तिच्याबरोबर वाटून घ्यावंसं वाटत होतं.

“मंगळवारी तू पण ये मुंबईला,” तो म्हणाला. “दारातून आत आलं की पहिली तूच दिसशील, अक्का. आपण सगळे जाऊ, पण तू त्या भिंतीवर कायमची राहशील.”

“मले मुंबईले नव्हतं राह्याचं, पितांबर,” सुगंधाबाई म्हणाली. “मले आथी राह्याचं व्हतं.”

तिने काखेतली साडी दुसऱ्या काखेत घेतली आणि चारची बस चुकेल म्हणून ती यावलच्या रस्त्याला लागली. ट्रकही त्याच रस्त्याने जाणार होता. धनसिंगने दार उघडून धरलं आणि बाईंना यावलपर्यंत घ्यायचं का, असं विचारलं. केबिनमध्ये तिघांपुरती जागा होती. पितांबर मागे गेला आणि तक्त्यांचे दोर नीट आवळलेत का, ते पुन्हा एकदा बघू लागला.